एका रेघेने खोडलेली नोंद

इनास अंकल कुठल्याही नव्या जागेत शिरले की आधी पावलं मोजत. मॉल असो, हॉस्पिटल असो, कुणाच्या साखरपुड्याचा हॉल असो. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत चालत जायचे, ओठ हलत असायचे, आणि परत येऊन म्हणायचे, "अठरा मीटर. जाहिरातीत वीस लिहिलंय." त्यांचं पाऊल बरोबर पाऊण मीटरचं पडायचं. त्यासाठी त्यांना काही करावं लागत नसे. इतक्या वर्षांत पायच तसे झाले होते.

त्यांचं पूर्ण नाव इनास तुस्कानो. वसईकडच्या एका वाडीतले, घरी केळीची बाग. धंद्याने लँड सर्व्हेअर, म्हणजे इमारत किंवा रस्ता व्हायच्या आधी जमीन मोजून तिच्यावर खुणा करून देणारा माणूस. अबू धाबीत त्यांनी तेहतीस वर्षं काढली. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या व्हिलाचे मालकाने भाग पाडले होते. पुढचा भाग त्यांचा आणि त्यांच्या बायकोचा, फिलू आंटींचा, मागचा आमचा. माझे अब्बा मुसाफ्फाला एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत. आम्ही दापोलीकडचे. सातवीपर्यंत मी गावच्या मराठी शाळेत शिकले आणि मग इथे आले. त्या अख्ख्या गल्लीत मराठी बोलणारी ही दोनच घरं, त्यामुळे माझं उरलेलं लहानपण त्यांच्या पुढच्या खोलीत गेलं. ते मला 'बाय' म्हणत.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नाही. तेव्हा अशा माणसाबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. जेवढं पाहिलं, ऐकलं, तेवढं सांगते.

त्यांच्या घरात खोडरबर नव्हता. कपाटाच्या खालच्या खणात पिवळ्या पुठ्ठ्याच्या लांबट वह्या रचलेल्या होत्या. ती त्यांची फील्डबुकं. रोजची मोजमापं त्यात कडक पेन्सिलीने लिहिलेली. कंपनीची वही कंपनीत जमा व्हायची, पण अंकल घरी आल्यावर सगळं स्वतःच्या वहीत पुन्हा उतरवून ठेवत. बारावीत असताना मी त्यांच्या टेबलावर बसून अकाउंटन्सीचं जर्नल लिहीत होते आणि चुकलेल्या ओळीवर व्हाइटनर लावत होते. त्यांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

"हे काय चाललंय?"

"चुकलं, अंकल."

"चुकलं तर एक रेघ मार. एकच. आणि खालचं वाचता आलं पाहिजे."

"मॅडमना घाण दिसेल ना."

"दिसू दे. तुझ्यामागून येणाऱ्याला कळलं पाहिजे की ही बाई इथे चुकली होती. पुसून टाकलंस तर तो तिथेच पुन्हा चुकेल."

मॅडमनी दोन मार्क कापले. मी ते अंकलना सांगितलं नाही.

देवावर त्यांची श्रद्धा होती, पण तीसुद्धा टेप हातात घेतलेली. काही वर्षांपूर्वी चर्चच्या ग्रुपबरोबर दोघं जण जॉर्डन आणि जेरुसलेमच्या यात्रेला गेले होते. त्या यात्रेच्या गोष्टी मी फिलू आंटींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकल्या आहेत की मीही बसमध्ये होते असं वाटतं.

यरीहोला गाईडने मातीचा एक उंच ढिगारा दाखवला आणि सांगितलं, बायबलमधल्या यहोशवाने कर्णे वाजवले तेव्हा पडलेल्या त्या याच भिंती. बसमधल्या सगळ्या बायकांनी क्रूस केला. अंकलनी हात वर केला.

"कुठल्या थरातली भिंत?"

गाईड म्हणाला, "सर, ही पवित्र जागा आहे."

"ते मान्य. पण इथे एकावर एक पंधरा-वीस गावं बसलेली दिसतायत. पडलेली भिंत यातल्या कितव्या गावाची? मी वाचलंय की ही भिंत यहोशवाच्या पुष्कळ आधीची निघाली."

बसमधली एक बाई भडकली. "अहो तुस्कानो, तुमची श्रद्धा आहे की नाही?"

"आहे म्हणून तर विचारतो. नसती तर एवढ्या लांब टेप घेऊन कशाला आलो असतो?"

हे सांगताना आंटी कपाळावर हात मारायच्या. "ह्यांना स्वर्गाच्या दारात उभं केलं ना, तरी आधी दाराची रुंदी बघतील!"

नबो डोंगरावर मात्र अंकल गप्प उभे होते म्हणे. तिथून मोशेला देवाने पलीकडची सगळी जमीन दाखवली आणि सांगितलं की तू तिथे जाणार नाहीस. मला ते म्हणाले होते, "मोशे आमच्यातलाच. सर्व्हेअर. जमीन बघायची, आखायची, आणि राहायला दुसरे." मग हसून, "तुमच्यात मूसा म्हणतात ना? अब्बांना सांग, तेही आमच्यातलेच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोल्या थंड करतायत."

आणि यार्देन नदीच्या काठी, येशूचा बाप्तिस्मा झाला असं मानतात त्या जागी, त्यांना भेटलेला गाईड वेगळा होता. त्याने खणून काढलेल्या पायऱ्या दाखवल्या, एकाच्या पायावर दुसरं असं बांधत गेलेल्या चॅपलांचे अवशेष दाखवले, आणि म्हणाला, "पूर आला की चॅपल वाहून जायचं, लोक पुन्हा तिथेच बांधायचे. नेमकी जागा हीच का, मला माहीत नाही. पण त्या लोकांना ती हीच वाटत होती, एवढं दगडांवरून कळतं." अंकल तिथेच पायरीवर गुडघे टेकून बसले आणि रडले. सगळा ग्रुप चकित. बसमध्ये परत येऊन म्हणाले, "बारा दिवसांत 'माहीत नाही' म्हणणारा पहिला माणूस भेटला. त्याच्या जागेवर माझा विश्वास बसला."

सेकंड इयरला आम्हाला 'देशातला एक जुना वारसा' या विषयावर असाइनमेंट होती. सगळ्यांनी किल्ले घेतले. मी अंकलना विचारलं.

"सर बनी यास बेटावर जा," ते म्हणाले. "तिथे मठ आहे. ख्रिस्ती मठ."

"चर्च? त्या बेटावर? ते तर हरणांचं बेट ना?"

"हरणं नंतर आली, बाय. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी तिथे फादर लोक राहत होते. मोत्यांची जहाजं येत-जात, त्यांना पाणी देत असतील. या किनाऱ्यावर इस्लाम आल्यावरही ते तिथे होते. कुणी हाकललं नाही, जाळलं नाही. मग एक दिवस निघून गेले."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ग्रिड मी टाकलीय तिथे."

ते नवीनच आले होते तेव्हाची गोष्ट. बेटावर खोदकाम सुरू होतं आणि जमिनीवर चौकोन आखून द्यायला कंपनीने त्यांना काही आठवडे पाठवलं होतं. पुरातत्त्ववाल्यांना प्रत्येक वस्तू नेमकी कुठे मिळाली ते लिहावं लागतं. जागा गेली की वस्तू मुकी होते, हे मला त्यांनीच समजावलं.

अब्बांनी गाडी काढली. अंकल आले, आंटी नाही. आंटींना बेटावर न्यायचं म्हटलं की अंकलना काहीतरी कारण सापडायचं. ऊन फार, तुझा गुडघा, बोट हलते. पश्चिमेकडे दोन-अडीच तासांचा रस्ता आणि मग फेरी. मठ म्हणजे गुडघाभर उंचीच्या भिंती, समुद्रातल्या खडबडीत दगडांच्या, वर सावलीसाठी छप्पर, भोवती दोरी. मला वाटलं होतं अंकल पावलं मोजतील, थर दाखवतील. पण ते बेटावरच्या गाडीजवळच थांबले. "तू बघ," म्हणाले, "मी पाहिलेलं आहे." मी तासभर फोटो काढले, पाट्या उतरवून घेतल्या. लांबून पाहिलं तर ते पाठ फिरवून उभे होते. त्या दिवशी मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

असाइनमेंट चांगली झाली. ती दाखवायला गेले तेव्हा आंटी बाजारात गेल्या होत्या. अंकलनी पानं चाळली आणि एका फोटोवर थांबले. मठात सापडलेल्या, प्लास्टरमध्ये कोरलेल्या क्रुसाचा तो पाटीवरचा फोटो होता. ते उठले आणि कोपऱ्यातल्या अल्तारापाशी गेले. तिथे मरियेची मूर्ती, बाळ येशूचं चित्र आणि काचेची एक छोटी वाटी होती. वाटीत कापसावर मळकट पांढरा तुकडा. मी तो इथे आल्यापासून बघत आले होते. शिंपला असेल असं समजत होते.

"हात लावू नकोस. नुसतं बघ."

दोन बोटं रुंद प्लास्टर. एका बाजूला क्रुसाच्या हाताचं पसरट टोक.

"शेवटच्या दिवशी मिळाला," ते म्हणाले. "भिंतीच्या बाहेर, वाऱ्याने वाळू सरकली होती तिथे. उचलला, दोन कोपऱ्यांपासून अंतरं घेतली, वहीत लिहिली. खोदकामाच्या साहेबांच्या हातात द्यायचा एवढंच राहिलं होतं. फिलू तेव्हा वसईला. दोनदा पोट पडलं होतं, तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. मला वाटलं, हिला काहीतरी न्यावं. खिशात टाकला आणि वहीतल्या नोंदीवर रेघ मारली. घरच्या वहीतही ती तशीच, रेघेसकट उतरवली."

मी असाइनमेंटची पानं गोळा करून फाइलमध्ये घातली.

"मी चोर नाही, बाय. पण त्या दिवशी होतो."

त्या उन्हाळ्यात ते रिटायर झाले. रिटायर म्हणजे व्हिसा खलास. कंपनीने तारीख दिली, महिन्याभरात सगळं आवरून फायनल एक्झिट. खोल्याखोल्यांत खोकी भरली जात होती, आणि अंकलनी जाहीर केलं की जाण्याआधी तुकडा सरकारला परत करायचा.

आमच्या दोन्ही घरांत एकदम हलकल्लोळ झाला. त्यांची मुलगी सुझी टोरोंटोला असते. ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "डॅड, प्लीज. जस्ट लीव्ह इट. नोबडी नोज!"

"आय नो," अंकल म्हणाले.

अब्बा त्यांना साहेब म्हणतात. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, इथे अशा वस्तूंचा कायदा कडक आहे. जाताना तुम्हाला एअरपोर्टवर अडवलं, केस झाली, तर? समुद्रात टाका आणि मोकळे व्हा."

"म्हणजे दुसऱ्यांदा चोरायचा?"

मला अंकलनी पत्र लिहायला सांगितलं होतं. त्यांनी स्वतः केलेला मसुदा असा होता: विषय, सुमारे दोन इंच प्लास्टर परत करण्याबाबत, संदर्भ, शून्य, कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. घरी अब्बा म्हणाले, "लिहून दे. पण तुझं नाव कुठे घालू नकोस. तुझा व्हिसा माझ्यावर आहे." मी त्यांना हो म्हटलं.

खरी अडचण मात्र कायद्याची नव्हती. ती फिलू आंटी होत्या.

"माझी सुझी त्याच्यापुढे मागितलेली आहे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी तिथे मेणबत्ती लावली. त्या ऑफिसवाल्यांनी काय लावलं?"

"फिलू, तो त्यांचा आहे."

"तुम्ही मला काय दिलंत हो एवढ्या वर्षांत? सोनं मी माझ्या आईचं घातलं. स्वतःहून दिलेली ही एकच वस्तू. तीही परत मागता?"

अंकलनी वाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "द्यायला ती माझी नव्हतीच."

आंटी उठून आत गेल्या. त्यानंतर आठ दिवस घरात बोलणं बंद. मी एकदा धीर करून म्हटलं, "अंकल, वाटी तर समोरच आहे. तुम्ही घेऊन गेलात तर..."

"नाही. एकदा न विचारता घेतलाय. आता ती देईल तेव्हाच."

आणि एक्झिटची तारीख जवळ येत होती. खुर्च्या विकल्या गेल्या, फ्रिज गेला, पडदे उतरले. रिकाम्या खोलीत अल्तार तेवढा राहिला होता. ते खोक्यावर बसून राहायचे. न देता गेले असते तर वसईत उरलेलं आयुष्य त्यांनी कसं काढलं असतं, हे मला त्या बसण्यावरून दिसत होतं.

नवव्या दिवशी मी डबा द्यायला गेले तेव्हा आंटी म्हणाल्या, "बघू ती तुमची वही."

अंकलनी तळातली वही काढली. पानं पिवळी पडली होती. त्यांनी बोट ठेवलं. दोन आकडे, शेराच्या रकान्यात 'प्लास्टर, क्रुसाचा भाग', आणि त्यावरून पट्टी लावून मारलेली सरळ रेघ.

"खोडलंय की," आंटी म्हणाल्या. "मग झालं तर."

"खोडलंय. पण वाचता येतंय, फिलू."

आंटींनी चष्मा लावला. ओळीवरून बोट फिरवत त्यांनी आकडे वाचले, एकदा, मग पुन्हा. "म्हणजे त्या दिवशीसुद्धा तुम्हाला धड चोरता आलं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वाटीतला तुकडा कापसासकट उचलला, ओठांना लावला आणि स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवला. डबा अंकलच्या हातात दिला, पण सोडला नाही.

"माझी एक अट आहे. मला ती जागा बघायचीय. तुमच्या कंपनीच्या ड्रायव्हरांनी बघितली, हिच्या अब्बांनी बघितली. तीस वर्षं मी हात जोडते, आणि मलाच दाखवली नाहीत."

"लाज वाटायची," अंकल म्हणाले.

पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसात अंकलसमोर आणि माझ्यासमोर बसलेली अधिकारी माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. काळा अबाया, समोर लॅपटॉप. तिने पत्र वाचलं, डब्यात डोकावली आणि एकदम सरळ झाली. हातमोजे घातले. मग वही मागितली. खोडलेल्या ओळीवर ती थांबली आणि अंकलना इंग्रजीत विचारलं, "हे रबराने पुसलं का नाहीत?"

अंकल गोंधळले. असा प्रश्न कुणी विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. "मॅडम," ते म्हणाले, "आय ॲम सर्व्हेअर."

ती हसली नाही. आत जाऊन दोघातिघांशी बोलली, परत येऊन म्हणाली की वरपर्यंत कळवावं लागेल, काय होईल ते आज सांगता येत नाही. पासपोर्टची कॉपी घेतली. बरोबर कोण आलंय ते लिहून घ्यायचं होतं. माझ्याकडे बघून तिने पेन उचललं. अब्बांचं म्हणणं आठवलं. तरी मी नाव सांगितलं, स्पेलिंगसकट. 

सहा दिवस काही कळलं नाही. तिकीट हातात, बॅगा दारात. सातव्या दिवशी तिचाच फोन आला. केस नाही. पण पॉइंट दाखवायला वहीसकट बेटावर यावं लागेल. अंकलनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. "मॅडम, माय वाइफ... कॅन शी कम?"

"अकीद, अकीद," ती म्हणाली. म्हणजे, अर्थातच.

गाडी पुन्हा अब्बांनीच चालवली. मी माझं नाव दिलं हे त्यांना कळलं होतं. माझ्याशी ते रस्ताभर एक शब्दही बोलले नाहीत, पण रजा न मिळूनही आले होते.

बेटावर काम अर्ध्या तासात झालं. जुन्या खुंट्या कधीच गेल्या होत्या, पण भिंतीचे दोन कोपरे शाबूत होते. एका कोपऱ्यावर टेप धरून अधिकारी स्वतः वाकली, दुसरा मी धरला. दोन्ही टेप जिथे मिळाले तिथे अंकलनी बोट टेकवलं. "चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे असेल," ते म्हणाले, "मॅडम, लिहा तसं." तिने तिथे छोटा पिवळा झेंडा रोवला, फोटो काढला, तुकड्याच्या खोक्यावर नंबर लिहिला. संपलं.

मग तिने दोरी वर उचलली आणि आंटींना आत जायची खूण केली.

आंटी चर्चच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि चारही बाजूंना बघत म्हणाल्या, "एवढंसंच? हे तर आपल्या वाडीतल्या चॅपलाएवढं!"  गुडघा धरत त्या खाली बसल्या, पर्समधून माळ काढली आणि 'नमो मरिये' सुरू केलं. मराठीत, मोठ्याने. तिथे शेवटची प्रार्थना कुठल्या भाषेत झाली असेल कोण जाणे.

इनास अंकलना त्यानंतर मी नीट निरोपही देऊ शकले नाही. ते वसईला निघाले त्या सकाळी माझा पेपर होता. म्हणून माझ्याजवळ राहिलेत ते तिथलेच. छपराखालून तिरपं ऊन येत होतं आणि ते आंटींवर छत्री धरून उभे होते. धक्क्यावरून बोटवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. कुणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणत निघायची घाई केली. अधिकारी बाईने घड्याळ पाहिलं. अंकलनी मागे वळून न बघता मोकळा हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले, "तिची माळ व्हायचीय."

ऊन सरकत होतं. सावली आंटींच्या डोक्यावर राहावी म्हणून तेही हळूहळू सरकत होते, आणि स्वतः पूर्ण उन्हात होते.